राखणेचा नारळ

नूपुरने फोन पाण्याच्या टाकीला टेकवून उभा केला, पण तो घसरला आणि पप्पा आडवे झाले.

"गो, माका झोपयलंस कित्याक? उभो कर बघू."

टाकीखाली एक फुटकी वीट होती. ती ओढून तिने फोनच्या पुढे लावली. पप्पा पुन्हा सरळ झाले. त्यांच्या मागे जुबैलच्या कॅम्पमधली खोली दिसत होती, एकावर एक पलंग, दोरीवर कुणाचातरी वाळत घातलेला कव्हरऑल. तिकडे दिवे लागले होते. इकडे ताइफला ऊन अजून डोंगराच्या माथ्यावर रेंगाळत होतं आणि गच्चीवरचा वारा हाडांत शिरत होता.

"नारळ ठेवलंस?"

"वेट पप्पा. ठेवतेय."

तिने कठड्यावर कागदी ताटली ठेवली, ताटलीत नारळ. नारळाच्या मागे उकडलेलं अंडं. बोटभर हळद, बोटभर कुंकू. वाकताना ओटीपोटात पुन्हा कळ आली, तशी ती क्षणभर तशीच वाकून राहिली.

"शेंडी खंय आसा? डोंगराकडे कर. म्हातारो थंयसून येता."

तिने शेंडी डोंगराकडे फिरवली.

दर वर्षी देवदिवाळी झाली की पप्पांच्या घरातून राखण दिली जाई. वेंगुर्ल्याकडच्या त्यांच्या गावात शिवेवर एक राखणदार होता. त्याला कुणी पुरतं पाहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांनी थोडं थोडं पाहिलेलं होतं. कुणाला तो वाटेत आडवा पडलेला नाग दिसला होता, कुणाला मुकाट सोबत चालणारं पांढरं कुत्रं. कुणाला खांद्यावर घोंगडी टाकलेला म्हातारा दिसला होता, आणि कुणाला नुसतीच काठीची ठकठक ऐकू आली होती, पुढे, अंधारात, घराच्या बांधापर्यंत. गावी त्याला कोंबडा मिळे, विडी मिळे, नवटाकभर दारू मिळे. इथे त्याला अंड्यावर भागवावं लागे आणि दारूचं नाव काढायची सोय नव्हती.

"मान वायच कमी झालो," पप्पा म्हणायचे, "पण तोय आता गल्फात आसा. समजान घेता."

तो गल्फात आला, ते नूपुर चार वर्षांची असताना. हे घर नवीन होतं, गच्चीचं दार उघडं राहिलं होतं आणि ती कठड्यापाशी रचलेल्या खोक्यांवर चढली होती. तिला त्यातलं एवढंच आठवे की समोर कठड्यावर कुणीतरी बसलं आहे, त्याच्या खांद्यांवरून राखाडी केस घोंगडीसारखे उतरले आहेत, त्याचा एक कान फाटलेला आहे, आणि तो तिच्याकडे बघून भुंकतो आहे. ती घाबरून मागे पडली, गच्चीच्या आतल्या बाजूला. शहरालगतच्या हदा डोंगराच्या कड्यांवरून थंडीत वानरांचे कळप शहरात उतरतात, हे ताइफात कुणालाही विचारलं तरी सांगतील. पप्पांनी कुणाला विचारलं नाही. त्यांनी पोर उचलली, कठड्याकडे बघून हात जोडले आणि त्या वर्षीपासून राखण गच्चीवर द्यायला सुरुवात केली, टाकीच्या आडोशाला, कारण वानरांना खायला घातलं तर दंड होईल अशी पाटी गल्लीच्या तोंडाशीच होती.

आई नाशिकची, आणि त्यात नर्स. ती म्हणे, "तुमचा राखणदार कुठल्या व्हिसावर आला?"

"तेका इकामो लागना नाय."

"नशीबवान आहे," आई म्हणे आणि कांदा चिरायला लागे.

पप्पांच्या घराण्यात राखणेचा नारळ फोडत नसत. तो ज्याचा, त्यानेच फोडायचा. तो ठेवायचा मात्र घरातल्या पुरुषाने. यंदा पप्पा महिनाभरासाठी सौदीच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, जुबैलला, एका प्लांटच्या शटडाउनवर, उंच टॉवरच्या आत परांची बांधणाऱ्यांचे फोरमन म्हणून. आठवडाभर ते रोज फोनवर एकच सांगत होते, ह्या वर्षी राखण चुकाक नये, हंयचा काम वायच वाकडा आसा. शेवटी ठरलं की हात नूपुरचा आणि तोंड पप्पांचं.

आणि आज, आई रात्रपाळीच्या बसने गेल्यावर, फोन यायच्या जरा आधी, नूपुरने बाथरूममध्ये पाहिलं होतं की तिला पाळी आली आहे.

ती घाबरली नव्हती. आईने चित्रं काढून सगळं समजावलं होतं, कपाटात कुठे काय ठेवलंय तेही सांगितलं होतं. हात धुताना तिला पारू आत्ते आठवली. गेल्या सुट्टीत गावी गेली असताना पारू आत्तेने तिला अंगणात पाट घालून जवळ बसवलं होतं आणि दबक्या आवाजात सांगितलं होतं. बाईमाणूस अडचणीत असताना राखणेच्या वाटेला जायचं नाही. तिच्या लहानपणी एकीने तसाच नारळ दिला होता, कुणाला न सांगता. म्हातारा उठून गेला. तीन वर्षं गावात त्याची काठी वाजली नाही. आणि त्या बाईचा घोव समुद्रावर गेला होता तो,

"तो काय?" नूपुरने विचारलं होतं.

"होडी तेवढी इली," आत्ते म्हणाली होती.

हे आठवत असतानाच पप्पांचा फोन वाजला होता. आता पप्पांना फोनवर हे कसं सांगायचं? काय शब्द वापरायचे? मराठीत तिला जे शब्द येत होते, ते सगळे आईशी बोलायचे होते.

"हां, हात जोड," पप्पा म्हणाले. त्यांनी डोक्याला रुमाल बांधला आणि त्यांचा आवाज बदलला. गावच्या देवळात उभे राहिल्यासारखा झाला. "बा म्हाराजा, शिवेच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा."

"आज तुझा चेडू तुझ्या पायाकडे नारळ ठेवता हा, तो गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा."

"वाटेर आसा तेका वाटेर राख. उंचार चढलो तेका उंचार राख. पाण्यापलीकडे गेलो तेका पाण्यापलीकडे राख!"

"व्हय म्हाराजा."

"इकामो वेळेर होवंदे. कफिलाक, आमच्या मालकाक, बरी बुद्धी दी आणि..."

पप्पा थिजले. तोंड उघडं, एक हात वर. नूपुरने थोडं थांबून त्या थिजलेल्या पप्पांनाच "व्हय म्हाराजा" म्हटलं. मग चित्र हललं.

"...काय चुकला माकला आसात, तर लेकरू म्हणान पोटात घाल!"

वाऱ्याने ताटलीची कड फडफडली. नूपुरने ती बोटाने दाबून धरली.

"नूपुर? आयकाक येता मां?"

"व्हय," ती म्हणाली. "व्हय म्हाराजा."

"शाबास माझ्या बाये. आता फाटी वळान बघू नको. सूर्य वर येवच्या आधी घेतलो, तर मानलो. सकाळी माका पयली तूच सांग."

त्यांच्या मागे कुणीतरी दारावर थाप मारून यल्ला, यल्ला ओरडलं. बस आली होती. फोन प्लांटच्या गेटवर जमा करावा लागे, सकाळपर्यंत. पप्पांनी रुमाल सोडला आणि ते पुन्हा नेहमीचे झाले, कपाळावर हेल्मेटचा वळ असलेले.

नूपुर मागे वळून न बघता खाली आली आणि दाराची कडी लावली.

*

सकाळी उजाडायच्या आत ती पुन्हा त्या दाराशी होती. कडी काढली, पण उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. काल टाकलं तेवढं पुरे होतं.

नारळ जागच्या जागी होता.

ती उभी राहिली. समोरच्या घरांच्या टाक्या एकेक करून उजळल्या. मग इकडच्या कठड्यावर ऊन आलं आणि नारळाची शेंडी तांबूस दिसायला लागली. दर वर्षी ती अशीच धावत वर यायची तेव्हा कठडा मोकळा असायचा, पुसल्यासारखा. ती जिन्यातूनच "घेतला!" ओरडायची आणि खाली पप्पा दोन्ही हातांनी कान धरायचे. तिच्या आठवणीत एकदाही चुकलं नव्हतं. आणि आज सूर्य वर आला होता.

"काय गो, इतक्या सकाळी वारा खायला गेलीस?" सफूराखाला स्वयंपाकघरातून म्हणाली. ती खालच्या मजल्यावरची, मूळची दापोलीची. आई रात्रपाळीला गेली की ती नूपुरच्या सोबतीला येऊन झोपायची. "चाय घे. थंडी पडली की मला तुझ्या आयेच्या खोबऱ्याच्या वड्या आठवतात. यंदा कधी करते विचार तिला."

नूपुरने पेला घेतला. फोन लावला. बंद. पप्पांची रात्रपाळी सुटून बराच वेळ झाला असेल. पुन्हा लावला.

"बदरूचा आवाज आलाय बघ," सफूराखाला आपल्या फोनशी खटपट करत म्हणाली. तिचा नवरा बदरुद्दीन जुबैल-दम्मामहून ताइफला ट्रेलर चालवायचा. तिने बटण दाबलं आणि ट्रकच्या घरघरीतून त्याचा आवाज आला, की जुबैलला रात्री कुठल्याशा प्लांटात आग लागली, रस्ते अडवलेत, त्याला यायला उशीर होईल, जेवणाची वाट बघू नकोस.

सफूराखालाने मान वर केली आणि नूपुरचा चेहरा पाहिला.

"अगो, तिकडे काय एक प्लांट आहे? शंभर आहेत. मला मेलीला अक्कल नाही, तुझ्यासमोर लावलं. घे, चाय घे."

"हो," नूपुर म्हणाली.

खाली शाळेची बस हॉर्न वाजवून गेली. पोट दुखतंय असं नूपुरने सांगितलं आणि ते खरंही होतं. सफूराखालाने ओवा दिला, कपाळाला हात लावून बघितला, आणि आई येतेच आहे आता असं म्हणत आपल्या घरचं दूध बघायला खाली गेली.

मग नूपुरला बसता येईना. तिने पेले धुतले. धुतलेले पेले पुन्हा धुतले. दाराशी पप्पांच्या चपला होत्या, त्यातली एक उलटी पडली होती. ती तिने सरळ केली आणि लगेच वाटलं, हात लावायला नको होता. ती खिडकीशी गेली. खिडकीतून जिन्याशी. जिन्यातून वर, कडीशी, आणि पुन्हा खाली. फोन बंद. टॉवरच्या आत परांची असते ती कशी असते, हे पप्पांनी एकदा तिच्या कंपासपेटीतल्या पट्ट्या उभ्या करून दाखवलं होतं. खालची पट्टी काढल्यावर सगळ्या पडल्या होत्या आणि दोघं हसली होती.

तिने चुकून केलं असतं तर गोष्ट वेगळी. तिला माहीत होतं, तरी तिने हात जोडले होते. चुकला माकला आसात तर, असं पप्पा म्हणाले तेव्हा तिच्या तोंडातून शब्द लगेच फुटला नव्हता, आणि तो ज्याच्यासाठी होता त्या राखणदाराने ते बघितलं असणार.

डोंगरावर काही हलत नव्हतं. एरवी या दिवसांत सकाळी तिकडून कळपाचा कलकलाट येई.

*

आई आली तेव्हा तिच्या कानाला फोन होता. तिने तो खाली घेतला, पडद्याकडे पाहिलं आणि पर्समध्ये टाकला. अबाया काढून खुर्चीवर फेकला. आत निळा युनिफॉर्म आणि खांद्यांभोवती ती जुनी करडी शाल, वॉर्डात थंडी वाजते म्हणून नेलेली.

"पप्पांचा फोन," नूपुर म्हणाली.

"माहितेय. मी पण लावतेय. गेटवर अडकले असतील." आईचा आवाज पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतानाचा होता. "तू शाळेत नाही गेलीस?"

उत्तराची वाट न बघता ती जिन्याकडे वळली. बूटसुद्धा काढले नाहीत. नूपुर मागोमाग गेली आणि उंबऱ्यावर थांबली.

आई सरळ कठड्यापाशी गेली. युनिफॉर्मच्या खिशातून तिने घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी काढली, झटक्यात उघडली आणि नारळ तीत घातला. दुसऱ्या खिशातून ओला रुमाल. दोन फटक्यांत हळदकुंकू पुसलं. ताटली दुमडून पिशवीत कोंबली. सगळं इतक्या सहज, इतक्या सवयीने, की नूपुरला ओरडायला उशीर झाला.

"आई, तो उचलू नको! त्याने अजून घेतला नाहीये."

आई वळली. तिच्या हातात पिशवी होती, आणि त्या पिशवीकडे दोघींनी एकाच वेळी पाहिलं.

खालच्या गल्लीत कुणीतरी गाडी सुरू केली.

"दर वर्षी?" नूपुरने विचारलं.

आईने शालीचं टोक सावरलं. "पहिल्या वर्षी तो तसाच राहिला होता. तुझे पप्पा दोन दिवस जेवले नाहीत. कामावर जायचे, यायचे, वर येऊन बघायचे. मला बघवेना. तिसऱ्या दिवशी पहाटे मी उचलला. मग ते जेवले."

"आणि वड्या?"

"मग काय, नारळ टाकून द्यायचा?"

नूपुरला हसू आलं, आणि ते अर्ध्यावर आल्यावर त्याचं भलतंच काही झालं. ती उंबऱ्यावरच खाली बसली. गुडघ्यांत तोंड घालून म्हणाली, "मला काल आली. नारळ ठेवायच्या आधी. मी तरी ठेवला. आणि तिकडे आग लागलीय, आणि पारू आत्ते म्हणाली होती..."

आई आली आणि तिच्या शेजारी बसली. तिच्या अंगाला हॉस्पिटलचा वास होता. तिने आधी नूपुरच्या कपाळावर हात ठेवला, मग मानेवर.

"काय वापरलंस?"

"तुझ्या कपाटातलं."

"बदललंस का सकाळी?"

"हो."

"बरं. पारू आत्तेला सांगू नकोस, पण मी तो नारळ दर वर्षी उचलते. कॅलेंडर बघून नाही उचलत."

नूपुरने मान वर केली.

"एका वर्षी तर पहिलाच दिवस होता," आई म्हणाली. "वड्या चांगल्या झाल्या होत्या. तुझ्या त्या मैत्रिणीने, स्मृतीने, सगळ्या खाल्ल्या."

तिने पुन्हा फोन काढून लावला. तो स्पीकरवर नव्हता, तरी बंद असल्याचं सांगणारी अरबी बाई दोघींना ऐकू आली. आईने फोन मांडीवर ठेवला. तिचा अंगठा त्याच्या काचेवरून उगाच फिरत राहिला. मग ती उठली, कठड्यापाशी गेली आणि पिशवीतून नारळ बाहेर काढला. दुमडलेली ताटली तळहाताने सरळ केली. तिच्यावर नारळ ठेवला.

"शेंडी कुठे होती?"

"डोंगराकडे."

आईने शेंडी फिरवली. थोडी मागे येऊन बघितलं, पुन्हा जाऊन आणखी थोडी फिरवली.

"कुंकू आण खालून."

"मी?"

"मग कोण? तुझा हात लागलाय त्याला काल. आज काय झालं?"

नूपुर कुंकवाची डबी घेऊन वर आली तेव्हा तिने उंबरा कधी ओलांडला ते तिलाही कळलं नाही. तिने बोट लावलं. आई कठड्याला पाठ टेकून उभी होती.

"ते म्हण ना. ते काय म्हणतात तुझे पप्पा."

"गाऱ्हाणं? ते पुरुषांनी घालायचं असतं."

"इथे दिसतोय का कुणी?"

नूपुरने हात जोडले. पप्पांचा आवाज काढायचा प्रयत्न केला, पण तो निघेना. मग आपल्याच आवाजात, बारीक, म्हणाली, "बा म्हाराजा."

बाजूने काही आलं नाही. तिने आईकडे पाहिलं.

"मग मी काय म्हणायचं असतं?"

"व्हय म्हाराजा."

"होय महाराजा," आई म्हणाली.

"उंचार चढलो तेका उंचार राख."

"होय महाराजा."

"खाली उतरता तेका उतरताना राख. फोन गेटार आसा तो तेका गावंदे."

"होय महाराजा."

"काय चुकला आसात, तर..." नूपुर थांबली. वारा पडला होता. नारळावरचं कुंकू ताजं होतं, ओलं. "चुकला आसात, तर ता माझा. पप्पांका मधी घेव नको."

आईने नाक ओढलं आणि ती म्हणाली, "ह्याला मी होय म्हणणार नाही. दुसरं काहीतरी म्हण."

दुसरं काही सुचायच्या आत फोन वाजला. अनोळखी नंबर होता. आईने तो उचलताना हातातून जवळजवळ पाडलाच.

"हॅलो? अहो! कुठे आहात? हो. हो. लागलं का कुठे? खरं सांगा. नक्की?" मग ती नुसती ऐकत राहिली, आणि एका हाताने कठडा धरला. थोड्या वेळाने तिने फोन नूपुरपुढे केला.

"नूपुर?" पप्पांचा आवाज बसला होता. "माका काय एक जावक नाय. बाजूच्या युनिटात आग लागली. आमका रातभर मैदानात उभी करून ठेवल्यानी, फोन अजून गेटारच आसत. ह्यो एका मिस्त्रीचो फोन." ते खोकले. "मी तेव्हा अगदी वर होतंय गो. थंयसून खाली कसो इलंय, माझा माका म्हायत नाय. कोणीतरी धरून आणल्यासारखो इलंय."

"हो पप्पा."

"घेतलो काय गो त्याने?"

नारळ नूपुरच्या समोर होता, हाताच्या अंतरावर. त्याची शेंडी डोंगराकडे होती.

"घेतला," ती म्हणाली.

तिकडे कुणीतरी हिंदीत काही विचारत होतं. पप्पांनी त्याला थांबवलं असावं. "कधी?"

"सकाळी. मी बघितलं."

"बघितलंस? तुका दिसलो? कसो आसा?"

नूपुरने आईकडे पाहिलं. आई आता खाली बसली होती, कठड्याला टेकून, बूट अजून पायात. भांगाजवळची पांढरी बट कपाळावर आली होती. करडी शाल तिने दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतली होती आणि तिचे डोळे मिटत होते, उघडत होते.

"म्हातारा झालाय थोडा," नूपुर म्हणाली. "खांद्यावर घोंगडी होती. थंडी वाजत होती वाटतं. आणि खूप दमला होता, पप्पा. रात्रभर जागा होता."

"जागोच आसतलो," पप्पा म्हणाले. "तेका झोप खंय."

फोन बंद झाला. आईने उठायला हात पुढे केला आणि नूपुरने तो धरून तिला उभं केलं. मग नूपुरने स्वतःच नारळ उचलला, पिशवीत घातला.

"आता झोप थोडी," ती म्हणाली. "वड्या मी करते. साखर किती ते सांग फक्त."

"खवणीने हात कापशील."

"नाही कापत."

आई जिन्याकडे गेली. नूपुरने ताटली उचलली, कुंकू पुसलं, आणि तिचा हात थांबला.

"आई, अंडं कुठे टाकलंस?"

"कुठलं अंडं?" आई जिन्यातून म्हणाली.

"उकडलेलं. नारळामागे ठेवतो ना आम्ही. दर वर्षी."

आईची पावलं थांबली. "मला कधी दिसलं नाही," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "कावळ्याने नेत असेल."

"हो," नूपुर म्हणाली. "कावळाच असेल."

ती आत आली आणि दार ओढून घेतलं. डोंगर उन्हात कोरडा, मोकळा दिसत होता. फटीतून तिने एकदा त्याच्याकडे बघितलं.

"कडी लावलीस का?" खालून आईने विचारलं.

नूपुरचा हात कडीवर होता.

"लावते," ती म्हणाली.